रविवारचे मोजे

“एवढ्या मोठ्या शहरात रविवारी सकाळी माणूस बूट काढून बसतो तरी कुठं?”

हे ताई मला विचारत नव्हती. ती कपडे धुण्याच्या मशीनच्या उघड्या तोंडात डोकं घालून मोज्यांशी पुटपुटत होती. आमच्या इमारतीच्या तळघरात धुण्याची सामाईक खोली आहे आणि प्रत्येक बिऱ्हाडाला तिथला वार नेमून दिलेला आहे. ताईचा सोमवार. मी तिच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते आणि माझे चार कपडे तिच्या धुण्यात घुसवते. त्या बदल्यात ती जे बोलेल ते ऐकून घेते.

मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही. आणि मोज्यांची एक जोडी माझ्या नाकासमोर धरली.

काळे मोजे. वरून चांगले होते. तळवे मात्र धुळीने राखाडी, आणि टाचेपाशी लाकडाच्या पॉलिशचा लागतो तसा तुकतुकीत डाग.

“आठवडाभराचे बघ,” ती म्हणाली. “घामट असतील, भोकं पडलेली असतील, पण तळवे असे नाहीत. घरात एगोन सपाता घातल्याशिवाय पाऊल टाकत नाही. रविवारचे तेवढे असे. तू त्याच्या त्या संगीताच्या दालनात नोकरी करतेस ना? मग सांग, संगीत ऐकायला बूट काढावे लागतात तुमच्याकडं?”

“बाहेरून देवळासारखं बांधलंय खरं,” मी म्हटलं, “पण बूट कुणी काढत नाही.”

“मग काढतो कुठं? आणि कुणाकडं?”

‘कुणाकडं’ म्हणताना तिने मशीनचं दार असं लावलं, की आतल्या मोज्यांनासुद्धा कळलं असावं.

एगोन भाऊजी म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. सगळं आयुष्य त्यांनी व्हिएन्नाच्या ट्राम दुरुस्तीच्या कारखान्यात काढलं. ब्रेक लागून लागून ट्रामची चाकं एखाद्या जागी चपटी होतात, मग ती घासून पुन्हा गोल करावी लागतात. ते भाऊजींचं काम. त्या घासण्याचा आवाज असा, की गेटवरच्या माणसाचेही दात शिवशिवायचे. भाऊजी त्याच्या शेजारी तीस-पस्तीस वर्षं उभे राहिले. फिरायला गेलं, की पाठीमागून येणाऱ्या ट्रामकडे न वळता ते सांगायचे, पुढचं डावं चाक गेलंय. ताई म्हणायची, बायको काय बोलली ते नाही कळत, चाक काय बोललं ते कळतं. तेव्हा ती थट्टा होती.

कारखान्यातला हा माणूस दर रविवारी सकाळी अंघोळ करून, दाढी करून, काळा कोट घालून त्या सोनेरी दालनात उभा राहायला जायचा. उभा, कारण बसायच्या जागा तिथे वाडवडिलांकडून नातवंडांकडे येतात. आमच्यासारख्यांच्या वाडवडिलांनी तसलं काही मागे ठेवलेलं नाही. तळमजल्यावर, शेवटच्या खुर्च्यांच्याही मागे, सज्जाखाली, लाकडी कठड्याला धरून उभं राहायचं. तिकीट स्वस्त आणि संगीत तेच.

लग्नाआधी एकदा ते ताईला घेऊन गेले होते. उन्हाळ्याचे दिवस होते. त्या गर्दीत माणसं भोवळ येऊन पडतात, त्यात नवल काही नाही, पण ताई वाद्यं जुळवून होताहोताच पडली. भाऊजींनी तिला उचलून बाहेर आणलं, पायऱ्यांवर बसवून पाणी पाजलं, आणि त्यांचा सगळा कार्यक्रम बुडाला. त्याबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत. ताईच्या मते तिथेच बिघडलं. बोलले असते तर भांडण होऊन मिटून गेलं असतं.

तेव्हापासून रविवारची सकाळ त्यांची आणि दुपारचं जेवण तिचं. मीही असायचे जेवायला. रव्याच्या गोळ्यांचं सूप, मग उकडलेलं गोमांस आणि त्यावर किसलेला झणझणीत मुळा. आणि तोंडी लावायला दालन. संगीताबद्दल भाऊजी फार बोलायचे नाहीत, तो त्यांचा खासगी मामला होता. ते इमारतीबद्दल बोलायचे, एखाद्या मोठ्या चाकाबद्दल बोलावं तसे. शहराची जुनी तटबंदी पाडली तेव्हा नदीकाठी मोकळ्या झालेल्या जागेत ते कसं उभं राहिलं. ज्याने आराखडा केला तो डेन्मार्कचा, ग्रीसमध्ये राहून आलेला. आवाजाचं शास्त्र तेव्हा कुणाला धड ठाऊक नव्हतं, तरी त्याच्या हातून ते जमून गेलं. लाकडी जमिनीखाली पोकळी आहे. छत भिंतींवर टेकलेलं नाही, वरच्या तुळयांना टांगलेलं आहे. “म्हणजे मिने, आपण व्हायोलिनच्या पोटात उभे असतो,” ते ताईला सांगायचे. तिचं नाव हर्मिने. मग सुपाने भरलेल्या बशीवर चमचा वाजवून दाखवायचे आणि म्हणायचे, आता हीच रिकामी असती तर बघ.

“रिकामी हवी तर खा आधी,” ताई म्हणायची.

आणि त्या सोनेरी बायका. दालनाच्या दोन्ही अंगांना, सज्जाखाली, त्या ओळीने उभ्या आहेत. उघडे खांदे, सोन्याचा मुलामा, डोक्यावर सज्जा. आधी म्हणे त्या पुढे होत्या, सज्जाच्या कडेला, खरोखरीचा भार घेऊन. त्यांच्यामुळे लोकांना दिसेना, म्हणून चाळीसेक वर्षांनी सज्जा दुसऱ्या रीतीने तोलून धरला आणि ह्यांना उचलून मागे भिंतीला लावलं.

“बरोबर आहे,” ताई तेव्हा म्हणाली होती. “ओझं होतं तोवर पुढं. मग मध्ये मध्ये येतात म्हणे.” त्या दिवसापासून ती त्यांना सवती म्हणायला लागली. रविवारी भाऊजी उशिरा आले की विचारायची, काय म्हणतायत माझ्या सवती. भाऊजी म्हणायचे, उभ्या आहेत बिचाऱ्या. हे सगळं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि मला वाटतं, दोघांनाही त्यात मजा येत होती.

गेल्या दोनेक वर्षांत ते बंद झालं. भाऊजी जेवताना बशीकडे बघून जेवू लागले. सवतींची चौकशी केली तर म्हणत, “हो, हो, मीठ बरोबर आहे.” टीव्ही असा लावायचे, की खालच्या मजल्यावरचे लोक बातम्यांसाठी वेगळा टीव्ही लावत नसत. मुलगी ग्राझला असते. तिने त्यांना फोन करायचं सोडून निरोप लिहून पाठवायला सुरुवात केली आणि आईला म्हणाली, बाबांचं फोनवर लक्ष नसतं. खालचे म्हणाले, त्यांचं लक्ष नसतं हल्ली. मी एकदा दालनात कार्यक्रमानंतर त्यांचा कोट परत देताना विचारलं, ताईचा गुडघा कसा आहे, तर ते म्हणाले, आज फारच सुंदर वाजवलं. मी हसले आणि कोट दिला. आम्हा सगळ्यांचं हेच ठरलं होतं: लक्ष नसतं. दुसराही एक साधा शब्द होता, पण तो कुणी तोंडातून काढत नव्हतं. ताई तर नाहीच. लक्ष नाही म्हटलं, की ते दुसरीकडे कुठेतरी आहे असं म्हणता येतं. आणि दुसरीकडे आहे म्हटलं, की निदान भांडता येतं.

“त्याच्या शेजारी कोण उभं असतं?” मशीन सुरू झाल्यावर ताईने विचारलं.

मी कोट सांभाळणारी. लोक येतात, मी कोट घेते, बिल्ला देते, आणि दार लागलं की मला काम नसतं. मग मी मागच्या दाराशी जाऊन जरा डोकावते. दारवान ओळखीचा आहे. तेव्हा मला दिसलेलं होतं. पण ते काय होतं हे मलाच नीट सांगता आलं नसतं, म्हणून मी म्हटलं, गर्दीत काय, सगळेच शेजारी.

“मी काही कोट द्यायला आलेलं गिऱ्हाईक नाही,” ताई म्हणाली. “नीट सांग.”

तेव्हा मी मफलरचं सांगितलं. उभ्याच्या जागेला नंबर नसतो. दार उघडलं की लोक धावत जातात, हवी ती जागा गाठतात आणि आपला मफलर कठड्याला बांधून खुशाल कॉफी प्यायला निघून जातात. मफलर बांधला की जागा त्याची. त्याला कुणी हात लावत नाही. विद्यार्थी असो, परदेशी पाहुणा असो, पहिल्याच दिवशी शिकतो. ह्या शहरात माणसं एकमेकांच्या बायका पळवतील, पण मफलरची गाठ सोडणार नाहीत. भाऊजींचा तपकिरी मफलर, ताईनेच विणलेला, डावीकडच्या टोकाला वर्षानुवर्षं बांधलेला असतो. आणि त्याच्या शेजारी एक हिरवा रेशमी स्कार्फ.

“बाईचा,” ताई म्हणाली.

“बाईचा.”

“तरुण?”

“तुझ्याएवढी असेल. केस पांढरे.”

ह्याने ती शांत होईल असं मला वाटलं होतं. पण तरुण बाई असती तर ताईला परवडलं असतं. तरुण बाईचं काय, वेड लागतं आणि जातं. आपल्याच वयाची, पांढऱ्या केसांची बाई म्हणजे नवऱ्याने विचार करून निवडलेली.

त्या आठवड्यात ताई एकदम गोड झाली. भाऊजींचे मोजे रफू केले, त्यांच्यासाठी सफरचंदाचा स्ट्रूडेल केला, आणि मला वर येऊन म्हणाली, रविवारचं एक तिकीट काढून ठेव, उभ्याचं. मी म्हटलं, तू पडशील. ती म्हणाली, पडले तर तो उचलतो का ते तरी कळेल.

नोव्हेंबर लागला होता, मृतांच्या आठवणीचे दिवस. भाऊजींना तिने सांगितलं, की आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला जाते. ते म्हणाले, हो, हो. दार उघडल्यावर ते नेहमीप्रमाणे आत जाऊन, मफलर बांधून, कोपऱ्यावर कॉफी प्यायला गेले. ते गेल्याचं बघून ताई कोट घ्यायच्या माझ्या खिडकीपाशी आली. चांगला निळा झगा, वर स्वतः विणलेला स्वेटर, डोक्याला रुमाल, कानांत आईचे मोती. शेजारच्या खिडकीवरच्या बाईला माझी खिडकी सांभाळायला सांगून मी तिला आत नेलं.

दालन अर्धं रिकामं होतं. झुंबरं लागलेली, सगळीकडे ते मधासारखं सोनं. ताई क्षणभर थांबली. लग्नाआधी बघितलेलं, त्यानंतर आज. तिने दोन्ही भिंतींवरच्या बायकांकडे नजर टाकली, सासरच्या नातेवाइकांकडे टाकावी तशी, आणि सरळ कठड्याच्या डाव्या टोकाला गेली.

तपकिरी मफलर आणि हिरवा स्कार्फ शेजारी शेजारी बांधलेले होते. जागा अरुंद, त्यामुळे हिरव्याचं एक टोक तपकिरीवर पडलेलं. एवढंच. पण ताईने ते बघितलं आणि मी हात धरायच्या आत हिरव्या स्कार्फची गाठ सोडली.

आसपास दहाबाराजण असतील. एक विद्यार्थी सँडविच खात होता. त्याचं चावणं थांबलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “अहो बाई, मफलर आहे तो,” मूल आहे ते, असं म्हणावं तसं. ताईने स्कार्फची व्यवस्थित घडी केली, माझ्या हातात दिली, आणि त्या जागी डोक्यावरचा आपला रुमाल बांधला. मग त्या गृहस्थांना म्हणाली, “चाळीस वर्षांपूर्वीची माझी जागा आहे. जरा बाहेर गेले होते.”

मला कामावर परतावं लागलं. घडी केलेला स्कार्फ खिशात. थोड्याच वेळात ती बाई माझ्या खिडकीपाशी आली; तिला कुणीतरी सांगितलं असावं. उंच, हाडापेरांनी मोठी, हातमोजे घातलेली. मी काही न बोलता स्कार्फ पुढे केला. ती विचारेल, भांडेल, मी तयार होते. ती म्हणाली, “त्यांच्या मफलरवर जशी वीण आहे, तशीच त्या बाईंच्या स्वेटरवर आहे.”

मी म्हटलं, “माझी बहीण.”

“मग मी मागं उभी राहते,” ती म्हणाली आणि गेली. जाताना एकदा वळली, काहीतरी सांगायचं असल्यासारखी, पण कोटवाल्यांची रांग लागली होती.

दार लागता लागता मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. भाऊजी आले ते बायकोला बघून थबकले. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि लगेच मिटला. ताई काहीतरी बोलली, ते म्हणाले, “हो, हो.” मग त्यांनी मागे वळून बघितलं. ती बाई दुसऱ्या रांगेत, ताईच्या पाठीशी उभी होती. तिने मान हलवली. भाऊजींनी पुढे तोंड केलं, आणि दिवे मंद होताच, सवयीने, एका पायाने दुसऱ्या पायाचा बूट काढला. मग दुसरा. दोन्ही बूट कठड्याखाली नीट लावले आणि मोज्यांवर, लाकडी जमिनीवर, पाय थोडे फाकून उभे राहिले.

ताईने खाली बघितलं. ती बराच वेळ खालीच बघत होती.

पहिली रचना नवी होती, भाऊजींच्या ओळखीची नसलेली. मी त्यांच्याकडे बघत होते. एरवी काय होतं ते मला ठाऊक होतं, हेच मी ताईला सांगू शकले नव्हते: एरवी त्या बाईचा हात त्यांच्या मनगटावर असतो. धरलेला नसतो, बोटं नुसती ठेवलेली, आणि ती हलत असतात. मला ते दुरून वेगळंच दिसलं होतं. आज मनगट मोकळं होतं. भाऊजी वाजवणाऱ्यांचे हात बघत होते, पायांच्या बोटांनी जमीन चाचपत होते. संगीत चढत गेलं. ढोल, पितळी भोंगे, सगळं एकदम, माझ्या दाराचीसुद्धा चौकट थरथरली. आणि खटकन थांबलं. वाजवणाऱ्यांचे हात हवेत. त्या रचनेत तिथे एक लांब शांतता होती, आणि तिच्यानंतर अगदी हळू, एकटी सनई यायची होती.

त्या शांततेत भाऊजींनी टाळ्या वाजवल्या.

तीनच. पण त्या दालनात एक कागद चुरगाळला तरी छतापर्यंत जातो. सोळाशे-सतराशे डोकी मागे वळली. सँडविचवाला विद्यार्थी फिसकन हसला. चुकीच्या जागी टाळी वाजवणाऱ्या पाहुण्यांकडे भाऊजी चाळीस वर्षं जसे बघत आले होते, तसे आज चारी बाजूंनी लोक त्यांच्याकडे बघत होते. मागून त्या बाईचा हात पुढे आला होता, पण ताई मध्ये होती. तो तिथेच राहिला. भाऊजींनी हात खाली घेतले, कठडा धरला, आणि सनई वाजत असताना समोर बघत राहिले. मानेपासून कानापर्यंत लाल झालेले. कारखान्यात एकदा त्यांचं बोट यंत्रात सापडलं होतं, तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

मध्यंतर झालं. भाऊजींनी बूट चढवले आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. ताई माझ्या खिडकीपाशी आली, तिच्या मागोमाग ती बाई. लोक कॉफीकडे गेले होते. दोघी माझ्या लाकडी फळीच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या, गिऱ्हाइकासारख्या.

ताईने सुरुवात केली. तिने विचारलं, हे किती दिवस चाललंय. बाईने खोटं विचारलं नाही की ‘हे’ म्हणजे काय. ती म्हणाली, दुसरा हिवाळा आहे. ती टपाल खात्यात होती, तिथल्या हौशी वाद्यवृंदात मोठं व्हायोलिन वाजवायची; त्यामुळे पुढे काय येणार ते तिला माहीत असतं. मनगटावर एका बोटाने ताल. दोन बोटं म्हणजे भोंगे येतायत. तळहात टेकवला की शांतता, थांबा. ढोल आणि खालचे सूर त्यांना पायांतून येतात. म्हणून बूट.

“त्याने तुम्हाला सांगितलं,” ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता, आणि मी तिला ओळखते, आतून ती त्या वेळी जळत होती. बोटांवरून नव्हे. “मला नाही सांगितलं. माझ्याबरोबर रोज जेवतो, झोपतो. आणि तुम्हाला सांगितलं.”

“त्यांनी मला काहीच सांगितलेलं नाही,” बाई म्हणाली. “आम्ही बोलत नाही. ते मला शेजारीणबाई म्हणतात. त्यांचं नावही मला आज तुम्ही हाक मारलीत तेव्हा कळलं.”

“मग?”

“शेजारी उभं राहिलं की कळतं.”

ताईच्या चेहऱ्यावर मी त्या क्षणी जे बघितलं, ते कुठल्याही सवतीने आणलं नसतं. ह्यापेक्षा त्या दोघांचं खरंच काही असतं तरी तिला सोपं गेलं असतं. मोत्यांशी चाळा करत ती फळीकडे बघत राहिली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मला भाऊजींचं ते गुडघ्याबद्दलचं उत्तर आठवत होतं, आणि मी एक कोट उगीचच दुसऱ्या खुंटीवर टांगला.

घंटा झाली. बाई म्हणाली, तुम्हीच उभ्या राहा तिथं, मी घरी जाते. ताई म्हणाली, “मला काय कळतंय त्यातलं. मी परत टाळ्या वाजवायला लावीन.” मग थोडं थांबून, त्या बाईच्या अंगावरच्या स्कार्फकडे बोट दाखवून म्हणाली, “तो बांधा तुमचा. माझा रुमाल काढते.”

बाईने मान हलवली. एकदा सुटलेला मफलर पुन्हा बांधत नाहीत, ती म्हणाली. पण घरी मात्र ती गेली नाही.

दुसऱ्या भागात जुनी, मोठी रचना होती. भाऊजी येतील की नाही अशी मला शंका होती. ते आले, अगदी शेवटी, आणि आपल्या जागी उभे राहिले. बूट काढले नाहीत. ताईने त्यांना कोपराने ढोसून बुटाकडे बोट दाखवलं. ते बघत राहिले. तिने पुन्हा ढोसलं. त्यांनी बूट काढले.

मग संगीत सुरू झालं आणि मी पाहिलं ते असं: ती बाई मागे, दुसऱ्या रांगेत. तिची बोटं ताईच्या खांद्यावर. आणि ताईचा हात भाऊजींच्या मनगटावर. बाईने एक बोट हलवलं की ताई एक बोट हलवायची, किंचित उशिरा, शाळेत धडा गिरवावा तशी ओठ दाबून. बाईने तळहात टेकवला की ताईही टेकवायची. सुरुवातीला भाऊजींचं मनगट ताठ होतं. नव्या हाताला चुका होत होत्या. एकदा तिने भोंग्यांच्या ऐवजी शांतता दिली आणि भाऊजींच्या ओठाचा कोपरा हलला. पुढे ते सैल झाले. भिंतीला लावलेल्या सोनेरी बायका दोन्हीकडून बघत होत्या. ह्या खेपेला ताईने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आपली भोवळही ती विसरली होती.

शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा बाईने ताईच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. ताईने भाऊजींच्या मनगटावर दोनदा थोपटलं. तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या बरोबर.

माझे कोट संपवून मी आत गेले तेव्हा दालन रिकामं झालं होतं. ती बाई निघून गेली होती, निरोप न घेता. झुंबरं एकेक करून विझत होती. भाऊजी कठड्याला पाठ टेकून बूट घालायच्या खटपटीत होते, वाकून, आमच्याकडे डोक्याचा मागचा भाग करून. ताई त्यांच्या मागे दोन पावलांवर उभी होती, तपकिरी मफलर हातात घेऊन.

“एगोन,” ती म्हणाली. त्यांनी नाडी ओढली. “एगोन, तुला ऐकू येत नाही.”

ते नाडी बांधत राहिले.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं नाही, एवढंच मला करता आलं. मग ती वळसा घालून त्यांच्या पुढे गेली आणि दुखऱ्या गुडघ्यासकट खाली त्या लाकडी जमिनीवर टेकली. त्यांच्या हातून नाडी काढून घेऊन स्वतः बांधली. त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी तिच्याकडे बघेपर्यंत थांबली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड धरून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

“तुला ऐकू येत नाही.”

भाऊजी तिच्या ओठांकडे बघत होते. मग बघायचे थांबले.

“नाही,” ते म्हणाले, “येत नाही.” फार मोठ्याने म्हणाले, हल्ली बोलायचे तसे, आणि शेवटच्या रांगेच्या मागून पार समोरच्या व्यासपीठापर्यंत, रिकाम्या दालनात, ते स्वच्छ ऐकू गेलं.